ताप उतरला त्या सकाळी

दादा,

काल मी वर्गात पेशी कशी मरते ते शिकवलं. रजा आणखी वाढवून मागायला तोंड नव्हतं, आणि बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा नेमका तोच धडा राहिला होता. फळ्यावर एक गोल काढला, आत मायटोकॉन्ड्रिया काढला, बाहेरून येणारा विषाणू काढला. पेशी दोन तऱ्हांनी मरते, म्हटलं. एक शिस्तीची: पेशी स्वतःच मरायचं ठरवते, आतलं सामान गुंडाळते आणि शेजाऱ्यांना त्रास न देता संपते. दुसरी बेशिस्तीची: पेशी फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि शेजारपाजार पेटतो. पोरांनी मुकाट लिहून घेतलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, मॅडम, परीक्षेत दोन्हींतला फरक विचारतात का? विचारतात, म्हटलं, चार मार्कांना. मग खडू ठेवला, स्टाफरूममध्ये आले आणि दार लावून घेतलं.

रडले नाही. रडायला आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला होता, आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं. एरवी तू असायचास.

तुझ्या तेरवीला दरेकशाच्या पहाडातून माणसं आली होती. काही तर पहाटेच निघून, रेल्वेने. आरोग्य सेवक हे तुझं सरकारी नाव त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. सगळे म्हणत होते, आमचा मलेरियावाला भाऊ गेला. एका म्हातारीने मला आपलं बोट दाखवलं. ह्याच बोटातून तू किती वेळा रक्त काढलंस आणि दर वेळी आधी काहीतरी चावट बोलून तिला कसं हसवायचास, ते सांगितलं. मी तिचं बोट हातात धरून बसले. सुईची खूण काही दिसत नव्हती.

आणि मग जेवणाच्या पंगतीत मोठेबाबा बोलले. बाबांचे मोठे भाऊ ते, त्यांच्या बोलण्याला गावात वजन. म्हणाले, "दुनियेच्या तापाले धावला, आपल्या तापाकडं पाहिला नाही. ताप उतरला का बसला असन गाडीवर. आयकतच नोता कोनाचं." सगळ्यांनी माना हलवल्या. पोरांना सांगायला एक गोष्ट झाली: बघा, असा निष्काळजीपणा करू नये. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मी भात वाढत होते. पुढच्या माणसाला वाढायला वाकले, एवढंच.

ते खोटं होतं, दादा. ते खोटं आहे हे मला माहीत होतं आणि मी भात वाढत राहिले. त्याबद्दलच मला तुझ्याशी बोलायचं आहे. पण सरळ तिथे जायची छाती होत नाही, म्हणून जरा लांबून येते. तुला माझी ही सवय माहीत आहे. भांडण काढायचं असलं की मी आधी चहा मांडायचे.

माझा पीएचडीचा विषय तुला पहिल्यांदा सांगितला ते आठवतं? डेंग्यूत रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. तू म्हणालास, हे नाव बिमारीपेक्षा मोठं दिसते. मग मी समजावलं. आपण घेतो त्या श्वासातला प्राणवायू पेशीत जळतो, त्यावर आपण जगतो. जळताना ठिणग्या उडतात. त्या विझवायची सोय पेशीतच असते. विषाणू आत घुसला की ठिणग्या वाढतात, शिवाय विषाणूला मारायला आपल्याच पांढऱ्या पेशी मुद्दाम आणखी आग लावतात, आणि विझवणारं जे काही असतं ते संपत जातं. तू एका वाक्यात सांगून टाकलंस: "म्हंजे चुलीजवळचं पानी संपलं." माझ्या गाईडला हे समजावायला मला दोन महिने लागले होते.

रक्त तू आणून द्यायचास. तुझ्या भागात तापाचे रुग्ण भरपूर. आरोग्य केंद्रातला लॅबवाला रुग्णाला विचारून थोडं जास्तीचं रक्त काढून ठेवायचा आणि तू ते थर्मासमध्ये बर्फ घालून दरेकशाहून रेल्वेने गोंदियाला आणायचास. बर्फ मासळीवाल्याकडचा. माझ्या प्रयोगशाळेत सोमवारी मासळीचा वास यायचा आणि शिपाई नाक धरायचा. बर्फ का हवा, तेही तू विचारून घेतलं होतंस. काढलेलं रक्त गरम राहिलं की नळीतच बिघडतं, पेशी फुटतात आणि आकडे खोटे येतात. मग तू दर स्टेशनवर झाकण उघडून बर्फ किती उरला ते बघायचास. झाकण उघडल्याने तो आणखी लवकर वितळतो हे मी सांगेपर्यंत.

एकदा गाडी रखडली. ऑक्टोबरचं ऊन. तू आलास तेव्हा थर्मासमध्ये नुसतं पाणी होतं आणि नळ्यांमधलं सीरम लालभडक झालेलं. बारा रुग्णांचं रक्त वाया गेलं. मी तुला सगळ्यांच्या देखत बोलले. काय बोलले ते इथे लिहायला मला लाज वाटते. तू बारावीपाशी थांबलास आणि मी पुढे शिकले, ते त्या बोलण्यात होतं. तू खाली मान घालून ऐकलंस. "चुकलं" म्हणालास आणि परतीच्या गाडीला गेलास. पुढच्या सोमवारी थर्मास ओल्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आलास. पँट ओली, आणि स्टेशनपासून कॉलेजपर्यंत लोक हसत असणार. मी नळ्या बघितल्या, चांगल्या होत्या. ठीक आहे, म्हटलं.

नुसतं "ठीक आहे". माफी मागायची राहून गेली. आपल्यात माफी मागायची पद्धत नव्हती म्हणा. चुकलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट चहापत्ती टाकायची, संपलं.

प्रबंध छापून आला तेव्हा आभाराचं पान तू बोटाने वाचलंस. इंग्रजी तुला अडत अडत यायचं. गाईडचं नाव, विभागप्रमुखांचं, यांचं, माझ्या सासऱ्यांचंसुद्धा. तुझं बोट खाली खाली गेलं आणि पान संपलं. मी घाईघाईने म्हटलं, हे बघ, इथे फील्ड स्टाफ लिहिलंय ना, त्यात तू आलास. "हो, त्यातच," म्हणालास. पुस्तक मिटून कपाळाला लावलंस आणि देवळीत ठेवलंस. तेरवीच्या दिवशी ते मला तिथेच दिसलं.

व्हायव्हाच्या आदल्या दिवशी मी गावी आले होते, तुझ्यासमोर तालीम करायला. तू खाटेवर आणि मी अंगणात उभी, हातात काडी. मी सांगत होते की डेंग्यूत धोका ताप असताना नसतो, ताप उतरल्यावर असतो. तेव्हा रक्तातला विषाणू कमीच झालेला असतो, पण आपल्या शरीराने पेटवलेली आग चालूच राहते. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, काही पेशी मरतात, काही एकमेकींना सोडतात, आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. बाहेर म्हणजे शरीरातच, पण जिथे नको तिथे. पोटात, छातीत. आणि नाडीत मात्र कमी पडतं.

तू काडी माझ्या हातातून घेतलीस. जमिनीवर तलावाची पाळ काढलीस. आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर तलाव बांधले, तेव्हा तुला दुसरं काही सुचणारच नव्हतं. म्हणालास, पाळ कधी पाऊस चालू असताना फुटत नाही. पाऊस थांबतो, लोक म्हणतात चला झालं, घरी जातात; आणि रानातलं पाणी तर अजून येतच असतं. बाबा पाऊस थांबल्यावर फावडं घेऊन निघायचे, ते म्हणून. मी म्हटलं, अगदी हेच. हे मी व्हायव्हात सांगते. सांगितलं नाही. सुटाबुटातल्या माणसांसमोर पाळ म्हणायला लाजले.

पण तू तिथे थांबला नाहीस. तुझा आणि माझा खरा वाद तिथूनच सुरू झाला आणि तो तसाच राहिला. तू म्हणालास, विषाणू मारतो हे मला पटतं. साप चावला, माणूस मेला. पण आपलंच आंग आपल्याला मारतं, हे काही पटत नाही. "आंग येडं नसते, सरू." मी म्हटलं, वेडं नाही, घाबरलेलं असतं. एक पेशी स्वतःला मारते ती बाकीच्यांना वाचवायला, विषाणूला घर मिळू नये म्हणून. तू म्हणालास, एक ठीक आहे, दहा ठीक आहेत. "मंग थांबत काऊन नाही?" कुंपणानेच शेत खायचं तर कुंपण घालायचंच कशाला, असं म्हणालास. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की यावर आणखी संशोधनाची गरज आहे. ते तुला मराठीत करून सांगितलं तर तू पोट धरून हसलास. माहीत नाही हे लिहायला एवढं मोठं पुस्तक, म्हणालास.

त्यानंतर प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक लग्नात, भेटलो की तू विचारायचास: काय मॅडम, समजलं का थांबत काऊन नाही ते? आणि मी चिडायचे.

ती आग का थांबत नाही ते अजून समजलेलं नाही, दादा. नातेवाईक मला आता विचारतात, तुझा एवढा अभ्यास, मग ती आग विझवायचं औषध का नाही दिलं? पपईच्या पानांचा रस का नाही दिला, किवी का नाही आणली. त्यांना काय सांगू. बाहेरून दिलेलं औषध नेमकं तिथेच पोहोचेल असं नसतं. आणि ती आगही काही कामाची असते. पूर्ण विझवली तर विषाणू जिंकतो. डेंग्यूत माणूस वाचतो तो वेळेवर सलाईन लावल्याने आणि दर तासाला नाडी बघणाऱ्या माणसामुळे. म्हणजे वेळेवर दवाखान्यात असल्याने. एवढं साधं आहे ते. एवढ्या साध्या गोष्टीपाशी मी कमी पडले.

यंदा पोळ्यानंतर तुला ताप आला. पहाडातल्या गावांमध्ये साथ होती, तू रोज फिरत होतास. मलेरियाचं किट तू स्वतःच लावून पाहिलंस, निगेटिव्ह. मग डेंग्यूची तपासणी, ती पॉझिटिव्ह. फोन केलास तो हसतच. "सरू, तुझ्या थिसिसचा पाव्हना आला माझ्या घरी." मी म्हटलं, पाव्हण्याला पाणी पाज, भरपूर. रोज फोन होता. प्लेटलेट्स किती, ताप किती. मी कागदावर लिहून ठेवत होते.

पाचव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा तुझा फोन आला.

त्याआधी एक सांगू दे. हे कारण म्हणून सांगत नाही. मला ते स्वतःलाच सारखं सांगावं लागतं, म्हणून. आपण हिवतापाच्या गावात वाढलो. आपल्या घरात ताप म्हणजे तोच. थंडी वाजायची, आई होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा अंगावर टाकायची, कडू गोळी द्यायची, आणि मग कधीतरी घाम सुटायचा. आई मानेखाली हात घालून बघायची आणि म्हणायची, उतरला. त्या एका शब्दावर अख्खं घर हलकं व्हायचं. चुलीवर पेज चढायची, बाबा बैल सोडायला जायचे. घाम सुटला, ताप उतरला, माणूस वाचला, हे आपण पाटीवर अक्षर गिरवायच्या आधी शिकलो. तू तर पुढे जन्मभर तेच बघत आलास, हजारो घरांत.

तू म्हणालास, "ताप उतरला, सरू. सपा आंगाले घाम सुटला."

आणि मला आनंद झाला. अगदी पोटातून. हातातली पोळी डब्यात टाकून मी खुर्चीवर बसले.

मग तू म्हणालास, "तुझी वैनी बॅग भरून बसली हाये. भरती व्हा म्हन्ते. पोट दुखून राहिलं थोडंसं, उलटी बी झाली एक. जाऊ का दवाखान्यात, का घरीच राहू?"

पोटदुखी, उलटी. ताप उतरल्यावर. हे दोन शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि खाली रेघ मारते.

मी म्हटलं, "ताप उतरला ना, मंग झालं. पोट रिकामं हाये म्हनून दुखून राहिलं. पेज पे अन् झोप. दवाखान्यात गर्दी हाये, नवीन काही घेऊन येशील. घरीच राहा."

"बरं," म्हणालास. माझ्यावर तुझा केवढा विश्वास होता ते त्या "बरं"मध्ये होतं. पुन्हा विचारलंसुद्धा नाहीस.

त्या दिवशी मी काय केलं ते ऐक. कॉलेज सुटल्यावर फुलचूरला घरी न जाता नागऱ्याला गेले. मी देवळात जात नाही हे तुला माहीत आहे, त्यावरून तू मला चिडवायचास. तर मी नागऱ्याच्या शंकराला गेले, पिंडीवर तांब्याभर पाणी घातलं आणि भाऊ उठला म्हणून हात जोडले. बाहेर पायरीवर बसून शेंगदाणे खाल्ले. मला फार छान वाटत होतं. तुझ्या नाडीतलं पाणी त्या वेळी उतरत होतं आणि मी पिंडीवर पाणी घालत होते. संध्याकाळी फोन केला तर वहिनी म्हणाली, झोपले आहेत, हातपाय गार लागून राहिले. मी म्हटलं, ताप गेला म्हणजे गारच लागणार, झोपू दे.

म्हणजे दोनदा, दादा. एकदा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला उठून उभं राहता येईना तेव्हा वहिनीने मला न विचारता जीप बोलावली. मी गोंदियाच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा तुला आत घेतलं होतं. डॉक्टर तरुण होता, दमलेला. त्याने मला हिंदीत विचारलं, "बुखार कब उतरा?" मी म्हटलं, कल सुबह. "तभी लाना था," म्हणाला आणि आत गेला. आवाज चढवला नाही त्याने. तिथली एक नर्स माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. नमस्ते मॅडम, म्हणाली, आणि मग माझ्याकडे नीट बघितलं. कुठून तरी एक स्टूल आणून ठेवलं.

मी काचेतून बघत होते. तुझं पोट फुगलं होतं आणि ओठ कोरडे होते. मला सगळं कळत होतं. कुठे काय झिरपतंय, कुठल्या पेशी मरतायत, यकृतात काय चाललं असेल, रक्तात कशाचं प्रमाण किती वाढलं असेल. मी आकड्यांचा अंदाजही करत होते. स्वतःचा एवढा तिरस्कार मला कधी वाटला नव्हता. भरती केल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. शेवटचं बोलणं झालंच नाही. तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं म्हणजे ते "बरं".

मग तेरवी, मोठेबाबा आणि तो भात.

मी गप्प का राहिले? भीती वाटली, दुसरं काय. गावात मला मान आहे. कोणाच्या पोराला ताप आला की लोक मला फोन करतात, सरूताईंना विचारा म्हणतात. तो मान तुझ्यामुळे होता, तूच गावभर सांगत फिरायचास. तो जाईल म्हणून मी घाबरले आणि तुला निष्काळजी ठरू दिलं. रक्ताच्या बारा नळ्यांपायी मी तुला चारचौघांत बोलले होते, आणि इथे तुझा जीव माझ्या हातून गेला तरी माझं तोंड उघडलं नाही.

गेल्या रविवारी मी ठरवून गावी गेले. वाटेत दहा वेळा मनात वाक्य जुळवलं. वहिनी पडवीत लाखोळीची डाळ निवडत होती. तुझी ओळखपत्राची पट्टी अजून खुंटीला होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि जुळवलेलं वाक्य विसरले. वहिनी, म्हटलं, त्या सकाळी दादाने मला विचारलं होतं. मीच घरी राहा म्हटलं.

तिचा हात थांबला नाही. खडे बाजूला काढतच ती म्हणाली, "माहीत हाये, बाई. फोन स्पीकरवर होता."

मला वाटलं आता ती मला हाकलून देईल. तसं व्हावं असं वाटलं. मी म्हटलं, मग तेरवीला का नाही बोललात? सगळे त्याला नावं ठेवत होते.

तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

जीपमध्ये तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून होतास म्हणे. आरोग्य केंद्र मागे पडलं तेव्हा तुझ्या लक्षात आलं. तू म्हणालास, हे सरूने मला सांगितलं होतं, अंगणात, फार वर्षांआधी. ताप उतरल्यावरच सांभाळायचं असतं. आणि मग वहिनीचा हात धरून तिला जे सांगितलंस ते तिने मला तुझ्याच शब्दांत सांगितलं. "मी फोन केल्तो हे कोनाले सांगजो नोको. मीच आयकलो नाही म्हनून सांगजो. तिले पोट्ट्याइले शिकवाचं हाये अजून."

"मोठेबाबाले मीच सांगितली, ते कोनाचं आयकत नोते म्हनून," वहिनी म्हणाली. "त्यायचा शब्द होता." आणि मग ती रडली. तुझ्या बायकोने महिनाभर माझ्यासाठी तुझ्याबद्दल खोटं सांगितलं, आणि गेल्या रविवारपर्यंत मी तिच्या हातचा चहा पीत होते.

दादा, मरताना तुला माझी काळजी होती. आग तुझ्या अंगात लागली होती आणि तू मला झळ लागू नये म्हणून बघत होतास. ह्याबद्दल तुझे आभार मानावेत की तुझ्यावर ओरडावं, मला कळत नाही. मला तुझं हे देणं पेलत नाही. तुला कोणी विचारलं होतं? रोज सकाळी उठले की आधी ते आठवतं, आणि मग दिवसभर वर्गात, बाजारात, मोटारसायकलवर यांच्या मागे बसलेली असताना, जिथे असेन तिथे, मला माझाच आवाज ऐकू येतो. पेज पे अन् झोप. ह्यातून काही शिकले, पुढे कोणाला वाचवीन, असं लोक म्हणतात तसं मला म्हणता येत नाही. काल वर्गात मी पोटदुखी, उलटी हे दोन शब्द फळ्यावर लिहिले, खाली रेघ मारली. पोरांनी उतरवून घेतले. मला काहीच वाटलं नाही.

निघताना मी वहिनीला म्हटलं, मी हे लिहिणार आहे. छापायला देणार आहे, गावातही वाचून दाखवणार आहे. ती म्हणाली, "त्यायचा शेवटचा शब्द मोडता, बाई?" मी हो म्हटलं. ती सूप उचलून आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

येत्या रविवारी मी मोठेबाबांच्या ओसरीवर उभी राहणार आहे. पहाडातल्या माणसांनाही निरोप पाठवला आहे. सांगायला फार काही नाही. माझ्या भावाने ताप अंगावर काढला नाही. तो ताप उतरल्या उतरल्या गाडीवर बसला नाही. त्याची बॅग भरलेली होती. त्याने मला विचारलं, आणि मी नको म्हटलं.